तुतीच्या कांड्या

अजलून,
९ एप्रिल २००९

माझ्या भावा मुफ्लेह,

तुझ्यावर सलाम, तुझ्या घरावर सलाम. कसा आहेस? लोकांच्या तोंडात वाकून वाकून तुझी पाठ धरायची, ती आता बरी आहे का? रोसित्साचा गुडघा काय म्हणतो? तिला सांग, जिना उतरताना कठड्याला धर, नवऱ्याला धरू नकोस, तो आधीच वाकलाय. लेक यास्मिन बरी आहे ना? जावई? आणि माझी डारिना? मागच्या फोटोत पोरीचे पुढचे दात गायब होते. आले का? आजोबा दातांचा डॉक्टर आणि नात बोळकी, लोक हसतील रे.

इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. माझा मुलगा मुईन झरका शहरातच नोकरीवर आहे, महिन्याकाठी येतो, बायकोने दिलेले डबे घेऊन येतो आणि माझे डबे भरून नेतो. शेजारची उम्म सनद ठणठणीत आहे, तिची जीभ तिच्याहून ठणठणीत. बकऱ्या व्याल्या. घरात दूध ठेवायला भांडं उरलं नाही.

आता माझं. डोळ्यांत काचबिंदू आहे म्हणतात. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. दाराच्या फटीतून बघावं तसं. फट बारीक होत जाणार, औषधाचे थेंब घालून ती जरा लांबवायची, एवढंच डॉक्टरच्या हातात आहे. मी रडून सांगत नाही. बकऱ्या मला वासाने कळतात आणि उम्म सनद आवाजाने, तीही दोन गल्ल्यांवरून. पण तुझं तोंड मला डोळ्यांनी बघायचंय. आईच्या मातीनंतर तू आला नाहीस. अकरा उन्हाळे गेले. यंदा काळी तुती पिकेल तेव्हा ये.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "सगळं छान, हम्दुलिल्लाह" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागद धरला. लवकर लिही.

तुझी बहीण,
फिद्दा

---

प्लोवदिव,
२ मे २००९

प्रिय ताई,

सलाम. पाठ आहे तशीच आहे. रोसित्साचा गुडघा पाऊस यायच्या आधी बोलतो, एरवी गप्प. यास्मिन आणि जावई मजेत. डारिनाचे पुढचे दात आले, पण मागचे दोन दुधाचे दात किडले, आणि ते माझ्याच हाताने काढावे लागले. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

तुझ्या डोळ्यांचं वाचून मन लागेना. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टर मित्राला विचारलं. थेंब एकही दिवस चुकवायचे नाहीत, एवढं त्याने तीनदा सांगितलं. मीही तीनदा सांगतो असं समज.

यायचं म्हणशील तर यंदा अवघड दिसतं. दवाखान्यात माझ्या जोडीचा डॉक्टर सोडून चाललाय. पुढच्या वर्षी बघू.

एक काम आहे. डारिनाला रोज दुकानातली रंगीत बर्फाची कांडी लागते. नुसती साखर आणि रंग, जीभ निळी होते पोरीची. आई दह्याच्या कांड्या करायची ना, काळ्या तुतीच्या? त्या कशा करायच्या ते नीट लिहून पाठव. चव अजून माझ्या जिभेवर आहे, कृती मात्र कधी पाहिली नाही. रोसित्सा म्हणते, दही जगाला बल्गेरियाने शिकवलं, तुमची ताई मला काय शिकवणार! मी तिच्या घरात राहतो, म्हणून गप्प बसलो.

तुझा,
मुफ्लेह

---

अजलून,
१४ मे २००९

माझ्या भावा,

पत्र मिळालं. डारिनाला म्हणावं, आत्या-आजी तुझ्या बाजूने आहे. दात काढणाऱ्या माणसाशी दोन आठवडे बोलायचं नसतं. रोसित्साला म्हणावं, बल्गेरियाने जगाला दही शिकवलं असेल, आमच्या बकऱ्यांना कुणी कळवलं नाही.

चव अजून जिभेवर आहे म्हणतोस. बरं.

कृती ऐक. दूध तापवून निवू द्यायचं. करंगळी बुडवून शांतपणे दहापर्यंत मोजता आलं, की विरजण लावायचं. त्याआधी लावलंस तर फाटेल, नंतर लावलंस तर रुसून बसेल. घोंगडीत गुंडाळून ठेव आणि उठून उठून बघू नकोस. तुझी लहानपणची खोड आहे ती. लागलेलं दही फडक्यात बांधून टांग. पाण्याची धार थांबून थेंब थेंब पडायला लागलं की उतरव. पार चक्का होऊ देऊ नकोस. चक्का गोठला की दगड होतो आणि पाणचट दही गोठलं की दातांखाली बर्फ कचकचतो. दोन्हीच्या मधलं हवं, चमच्यावरून सावकाश घसरणारं.

तुती हाताने कुस्कर. यंत्रात घालू नकोस, बिया भरडल्या की कडवट होतात. तुमच्याकडे तुती नसेल तर दुसरं मऊ, आंबटगोड फळ घे. मध बेताने. अति पिकलेलं फळ असेल तर मधही नको. मग चहाचे काचेचे पेले घ्यायचे. आई तेच घ्यायची, दुसरं होतं काय घरात! एक थर दही, एक थर तुती, पुन्हा दही. ढवळून एकजीव करायचं नाही, नुसती काडी एकदा वरून खाली फिरवायची, म्हणजे पांढऱ्यात लाल रेघा उतरतात. जरा धरलं की मधोमध सोललेली काडी खोच. आधीच खोचलीस तर ती दारुड्यासारखी कलंडते. आईच्या वेळी इर्बिदहून बसच्या टपावर भुश्यात गुंडाळून बर्फाची लादी यायची आणि धुण्याच्या घमेल्यात सगळा कारभार चालायचा. तुझ्याकडे फ्रीजर आहे, तुला ती भानगड नको. गोठलं की पेला क्षणभर पाण्यात धर, कांडी आपोआप सुटते. ओढाओढ केलीस तर हातात काडी आणि पेल्यात दही.

झाडावर तुती लगडली आहे. हिरवी आहे अजून. पुढच्या वर्षी बघू म्हणतोस, तू बघशील रे, मी कशाने बघू? दवाखाना एक महिना बंद राहिला तर प्लोवदिवची माणसं काय भाकरी चावायची थांबणार आहेत?

थेंब घालते. लवकर लिही.

फिद्दा

---

प्लोवदिव,
४ जून २००९

प्रिय ताई,

तुझ्या कृतीने माझी अब्रू घालवली.

दही मीच लावलं. उठून बघितलं नाही (एकदाच बघितलं). टांगलं, उतरवलं. तुती इथे अजून पिकली नाही, म्हणून चेरी घेतल्या, बिया काढून कुस्करल्या. माझा पांढरा कोट असा झाला की एक पेशंट दारातूनच परत गेला. पेले भरले. तू एक गोष्ट लिहायला विसरलीस, ती मी आठवणीने घातली. आई त्यात चांगलं मूठभर मीठ टाकायची. मला स्पष्ट आठवतं, पाटा-वरवंट्याने फोडलेलं खडेमीठ, दोन्ही हातांनी. आणि टांगलेल्या दह्यात एरवीही आपल्याकडे मीठ घालतातच.

डारिनाने पहिला चावा घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आणखी एक दात मागितलाय. म्हणाली, "आजोबा, हे गोठलेलं चीज आहे." रोसित्सा बाहेर गेली. हसण्यासाठी गेली, हे भिंतीपलीकडूनही कळत होतं. परत आल्यावर म्हणते, "तुमच्या आईच्या हातचं हे असं असेल, तर तुम्ही लोक देश सोडून का पळता ते समजलं."

बाकी येण्याचं म्हणशील, तर जोडीला नवा डॉक्टर अजून मिळाला नाही. राग मानू नकोस. पुढच्या खेपेला मीठ किती घालायचं तेवढं कळव.

मुफ्लेह

---

अजलून,
१३ जून २००९

मुफ्लेह,

तुझं पत्र उम्म सनदला वाचून दाखवलं. ती हसून हसून ओट्यावरच बसली. मग हसणं थांबलं आणि म्हणाली, "अगं, ज्याने ती कांडी एकदा जरी चाटली असेल, त्याच्या हातून मीठ पडायचं नाही."

मीठ बर्फावर टाकत होती आई. घमेल्यातल्या बर्फावर, पेल्यांच्या बाहेर. मीठ टाकलं की बर्फ जास्त थंड होतो. तू ते लांबून पाहिलंस. जवळून नाही.

चव जिभेवर आहे असं लिहिलंस, तेव्हाच मी थबकले होते. तू ती कधी खाल्ली नाहीस, मला माहीत आहे. आता खरं सांग. दवाखाना, जोडीचा डॉक्टर, पुढचं वर्ष, हे सगळं राहू दे. तू या घराकडे पाठ का फिरवलीस? मोठ्या बहिणीला उत्तर हवंय.

फिद्दा

---

प्लोवदिव,
२४ जून २००९

ताई,

विचारलंस म्हणून लिहितो. चोपन्न वर्षांच्या माणसाने हे लिहावं याची मलाच लाज वाटते.

दरवर्षी तुती पिकली की एका गुरुवारी गावातली सगळी पोरं आपल्या अंगणात रांग लावायची. आई एकेकाच्या हातात कांडी द्यायची, डोक्यावरून हात फिरवायची, "गोड आहे का रे?" विचारायची. ज्याच्या बापाशी आपलं भांडण त्याच्याही पोराला. आणि मी विहिरीजवळच्या भिंतीला टेकून उभा. मला मूठभर फुटाणे. "यम्मा, मला?" म्हटलं की, "तू जा, फुटाणे खा."

सहा वर्षांचा असेन. एकदा मी घमेल्यातून एक पेला पळवला. ओठांना लागतो न लागतो तोच तिने झडप घालून घेतला, कोंबड्यांपुढे फेकला, आणि सगळ्यांसमोर माझा जबडा धरून तोंडात बोट घातलं. जिभेखाली, गालांच्या आत, सगळीकडे. एक थेंबही राहू नये म्हणून! सनदचा बाप, म्हणजे उम्म सनदचा नवरा, तेव्हा पोरगाच होता, तो ओरडला, "मुफ्लेह, तुझ्या आईला तू नकोसा आहेस रे!" सगळे हसले. आई काही बोलली नाही. निदान "नाही" म्हणाली असती.

पुढे तिने मला शिकवलं, दागिने मोडून इथे पाठवलं, सगळं केलं. मी ते मोजतो आणि तरी ते बोट तोंडातून निघत नाही. तिच्या मातीला आलो, तेव्हाही आधी ती भिंत दिसली. पुन्हा त्या अंगणात उभं राहायचं धैर्य होत नाही. तुझ्यावर माझा राग नाही. तू तर आत बसून खात असशील, तू लाडकी होतीस.

डारिनाला सांगितलं की चव आठवते. तिच्या आजोबालाही आई होती, एवढंच तिला वाटावं म्हणून.

मुफ्लेह

---

अजलून,
४ जुलै २००९

माझ्या भावा, माझ्या डोळ्यांच्या उजेडा,

तुझं पत्र मी उम्म सनदला वाचून दाखवलं नाही.

आईने माझ्याकडून शब्द घेतला होता, मुफ्लेहला हे कधी सांगायचं नाही. म्हणायची, पोराला कळलं की तो नवसाचा आहे, तर त्याला आयुष्यभर उसना आल्यासारखं वाटतं, मागे वळून बघत चालतो. गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. पण तू तसाही मागे वळून बघतच जगलास. मग शब्द पाळून मी काय राखलं? आईची माफी मी वर गेल्यावर मागेन.

तू चार वर्षांचा होतास. मुदतीचा ताप. तुझ्याआधीचे दोन भाऊ तशाच तापाने गेले होते, ते तुला आठवायचं कारण नाही. तू डोळे फिरवलेस. आई अनवाणी डोंगरावर खिद्र पीराच्या ठाण्यापर्यंत गेली, मी तिच्या मागे पळत. तिथल्या बलुताच्या झाडाच्या बुंध्याला कपाळ टेकून म्हणाली, "हा एवढा मला ठेव. माझ्या बकऱ्यांच्या दुधाचं, माझ्या झाडाच्या तुतीचं, दरवर्षी गावातल्या प्रत्येक पोराला खाऊ घालीन. आणि त्यातला एक घासही माझ्या घराच्या तोंडात जाणार नाही." आपल्याकडे नवसाचं नवस करणाऱ्याच्या घराने खायचं नसतंच. पण तिने ते मोठ्याने बोलून बांधून घेतलं. आम्ही परत आलो तेव्हा तू पाणी मागत होतास.

पहिली दोन वर्षं वाटीतून दही-तुतीच वाटली. मग एका उन्हाळ्यात दही वाटेपर्यंत आंबून जायला लागलं. आईला वाटलं, आंबलेलं दिलं तर नवस फेडला असं कसं म्हणायचं? म्हणून बर्फ, म्हणून घमेलं, म्हणून पेले. कांडी तिथून आली.

आणि ते बोट. तू पेला ओठांना लावलास तेव्हा मी आईच्या शेजारी होते. तिचं तोंड पांढरं पडलं. तिला वाटलं, घास पोटात गेला तर करार मोडला, तू आता जाणार. तुझ्या तोंडात काही सापडलं नाही, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. सनदचा बाप काय ओरडला ते तिने ऐकलंच नसेल. पोरं गेल्यावर ती भाकरी भाजायच्या ताबूनच्या खोलीत जाऊन राखेत बसली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "फिद्दा, काही लागलं नव्हतं ना गं त्याच्या जिभेला? तू नीट पाहिलंस ना?" पुढे कितीतरी दिवस तू शिंकलास तरी ती उठून उभी राहायची.

आणि मी आत बसून खात होते म्हणतोस! वेड्या, मला खाताना तू कधी पाहिलंस? मीही त्याच घराची. मी कधी खाल्ली नाही. आईने स्वतः कधी खाल्ली नाही. "गोड आहे का रे?" असं ती प्रत्येक पोराला का विचारायची वाटतं तुला? तिला माहीतच नव्हतं. उम्म सनद लहानपणी डोळे मिटून घ्यायची, तर पुढच्या वर्षी आई मध वाढवायची. पोरांची तोंडं बघून बघून तिने ती कृती केली. मीही तशीच शिकले. तिच्यानंतर दरवर्षी मीच करते, वाटते, आणि हात धुऊन घरात जाते.

त्या अंगणात तू एकटा नव्हतास. आम्ही दोघीही तुझ्याच बाजूला होतो, त्यातली एक आई होती. हे तुला माहीत नव्हतं, एवढंच.

आता येतोस की नाही ते तुझं तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही.

फिद्दा

---

प्लोवदिव,
१६ जुलै २००९

ताई,

पत्र आल्यापासून दवाखान्यात गेलो नाही. रोसित्साने विचारलं, काय झालं? मी तिला ते वाचून दाखवलं, माझ्या मोडक्यातोडक्या भाषांतरात. ती उठली आणि माझी बॅग माळ्यावरून खाली काढली. गुडघा दुखत असताना, स्टुलावर चढून.

पाच ऑगस्टला येतो. डारिनाही येते, यास्मिनने हो म्हटलं. यंदाचा गुरुवार झाला नसेल तर माझ्यासाठी थांबव.

एक विचारू? आलो तरी मला भिंतीपाशीच उभं राहायचं का? फुटाणे चालतील मला. आता चालतील.

तुझा,
मुफ्लेह

---

अजलून,
२५ जुलै २००९

माझ्या भावा,

तुझं पत्र पोस्टमनने आणलं तेव्हा मी बकऱ्यांपाशी होते. कागद उघडायच्या आधीच उम्म सनद कुंपणावरून विचारते, "येतोय का तो मीठवाला?" गावभर झालंय तुझं नाव. सवय करून घे.

गुरुवार थांबवलाय. तुती आहे अजून, वरच्या फांद्यांवर राखून ठेवली आहे. चिमण्यांशी माझं रोज भांडण चालू आहे.

आता नवसाचं ऐक. नवस तो नवस. तुझ्या जिभेच्या हट्टापायी मी आईचा शब्द मोडणार नाही. गुरुवारच्या कांडीतलं तुला काही मिळायचं नाही, मला नाही, डारिनालाही नाही. पण तू भिंतीपाशी उभा राहणार नाहीस. तू घमेल्यापाशी उभा राहशील आणि तुझ्या हाताने वाटशील. सुटतील तितक्या कांड्या पेल्यातून तू सोडवायच्या, पोरांच्या डोक्यावरून तू हात फिरवायचा. आईने चार वर्षांचं पोर मागून घेतलं होतं, ते केस पिकलेलं त्या अंगणात उभं राहून वाटतंय, याहून नवस वेगळा कसा फेडतात? ज्याला दात दाखवायचे असतील त्याला ते नंतर दाखवायला सांग, त्या दिवशी नको.

आणि शुक्रवारी सकाळी आपण दुसऱ्या कांड्या करायच्या. आई काय म्हणाली होती? माझ्या बकऱ्यांचं दूध, माझ्या झाडाची तुती. मी उम्म सनदला तिच्या बकऱ्यांचं दूध मागितलंय. तिच्याच परसातली जर्दाळू तिने सुकवायची थांबवून ठेवली आहेत. विरजणही तिच्याकडचं. आपल्या घरचं त्यात काही नाही, म्हणून ते आपल्या घराला चालेल. मी मशिदीतल्या इमामाच्या बायकोला विचारून घेतलं. ती म्हणाली, "अगं फिद्दा, हे तू इतक्या वर्षांत का नाही केलंस?" मी काय सांगणार तिला? फ्रीज होता, दूध होतं, जर्दाळू होती. एकटीने खायची इच्छा झाली नाही. तू आला असतास तर आपण दोघांनी मिळून खाल्ली असती, असंच मनात यायचं, आणि मी भांडी घासायला घ्यायची.

तर शुक्रवारी तीन पेले भरायचे. एक डारिनाचा, एक तुझा, एक माझा. बिघडल्या तर घाबरू नकोस. ती चव कशी असायला हवी हे आपल्या दोघांनाही ठाऊक नाही, त्यामुळे चुकली तरी आपल्याला कळायचं नाही. उम्म सनदला कळेल. तिला त्या दिवशी बोलवायचंच नाही.

विमान किती वाजता उतरतं ते काही तू लिहिलं नाहीस, विसराळूच तू. मुईनला विमानतळावर पाठवायचंय. हे पत्र हातात पडताच फोन कर, आज मिळालं तर आजच कर.

तुझी वाट बघणारी,
फिद्दा